जूं आणि ओझें : बैलजोडीपासून बॅटरीपर्यंत

कृष्णा-कोयनेच्या कांठीं ज्या काळीं विहिरीवर मोट चालत असे, त्या काळीं बैल विकत घेण्यापूर्वीं शेतकरी दोन गोष्टींची पारख करी. पहिली, बैलाच्या खांद्यांत जोर किती आहे. आणि दुसरी, त्याच्या छातींत दम किती आहे. भरलेली मोट पाण्यांतून सुटतांना जो हिसका बसतो तो सोसण्यास जोर लागे. आणि सकाळपासून दोनप्रहरपर्यंत धांवेवर एकसारखी येरझार घालण्यास दम लागे. एक गुण असून दुसरा नसला तर तो बैल मोटेच्या कामाचा नव्हे, असा त्याचा निवाडा असे. आणि हा निवाडा करण्यास त्याला कोणत्याही पुस्तकाची गरज पडत नसे.

ही जुनी पारख आज आठवण्याचें कारण असें कीं, बैलाच्या जागीं आतां बॅटरी आली आहे. विजेवर चालणारी सायकल, विजेची स्कूटर, विजेची रिक्षा हीं वाहनें सांगली-सातारकडील रस्त्यांवर दिसूं लागलीं आहेत. त्यांच्या बॅटरींतही जोर आणि दम हे दोन वेगळे गुण असतात. एका क्षणीं ती किती वीज देऊं शकते हा तिचा जोर, आणि एकूण किती वीज तिच्यांत सांठलेली आहे हा तिचा दम. परंतु गिऱ्हाईक बहुधां एकच प्रश्न विचारतो, "एका चार्जिंगमध्यें किती किलोमीटर जाईल?" हा प्रश्न केवळ दमाचा झाला. जोराची चौकशी राहून जाते, आणि पहिल्याच चढावर गाडी अडली म्हणजे दोष बॅटरीच्या माथीं येतो. वस्तुतः दोष पुष्कळदां बॅटरीचाही नसतो आणि मोटरीचाही नसतो. एकमेकांस न शोभणारी जोडी एका जुंवाला जुंपली, एवढाच तो दोष असतो.

शक्ति आणि ओझें यांचा मेळ घालण्याचा हा प्रश्न सातारा-सांगलीच्या भूमीला नवा नाहीं. आटपाडी आणि म्हसवड या बाजूंच्या खिलार बैलांची कीर्ति सर्व दक्षिण महाराष्ट्रांत आहे. खिलार बैल चपळ व काटक, गाडीला उत्तम. परंतु कृष्णाकांठच्या काळ्या, चिकट जमिनींत खोल नांगरट करावयाची म्हणजे एका जोडीचें बळ पुरत नसे. चार, सहा, प्रसंगीं आठ बैल एकापुढें एक जुंपावे लागत. इतके बैल ज्याच्या दावणीला नाहींत, तो शेजाऱ्याचे मागून आणी आणि त्याच्या शेतांत आपले पाठवून फेड करी. त्यांत एक जोडी दुबळी निघाली तर ती पुढच्यांच्या ओढीनें फरफटे व मागच्यांना अडथळा करी. जुंपलेल्या बैलांत सर्वांत दुबळ्याचा विचार आधीं करावा लागतो, हा धडा येथल्या शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या गिरविलेला होता. तो पुढें बॅटरीच्या संदर्भांत पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

या प्रश्नाकडे यंत्रज्ञाच्या दृष्टीनें पाहणारा पुरुष या भागास लाभला तो लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या रूपानें. १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें त्यांचा जन्म झाला. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं अध्यापन केलें. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलींच्या दुकानानें झाला. त्यानंतर त्यांचें लक्ष शेतीच्या अवजारांकडे वळलें. कडबा कापण्याचें यंत्र आणि लोखंडी नांगर हीं त्यांचीं पहिलीं मोठीं कामें होत. लोखंडानें जमीन नासते, असा त्या वेळीं समज होता. त्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुढें बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला असतां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना जमीन व कर्ज दिलें, आणि १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हा भाग आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत मोडतो.

लोखंडी नांगराचें मर्म या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत घेण्यासारखें आहे. नांगर करणाराला बैल बदलतां येत नाहीं. गोठ्यांत जे बैल आहेत तेच नांगर ओढणार. म्हणून फाळाची रुंदी, तो जमिनींत शिरण्याचा कोन आणि अवजाराचें वजन या गोष्टी बैलांच्या बळाला जुळवून घ्याव्या लागतात. येथें शक्ति ठरलेली आणि अवजार तिच्याप्रमाणें घडवावयाचें. किर्लोस्करवाडीस १९२६ सालीं सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊं लागला तेव्हां प्रश्नाची बाजू उलटली. विहिरीची खोली आणि पिकाची तहान या गोष्टी ठरलेल्या. आतां त्यांच्याप्रमाणें इंजिन निवडावयाचें. दर सेकंदास १० लिटर पाणी १५ मीटर वर चढवावयाचें झाल्यास पाण्याच्या अंगीं सुमारें १,४७० वॅट, म्हणजे सुमारें दोन अश्वशक्ति घालावी लागते. पंपांत व नळांत जी शक्ति वायां जाते ती धरली म्हणजे साडेतीन ते चार अश्वशक्तीचें इंजिन लागतें. दोन अश्वशक्तीचें इंजिन आणून बसविणारा मनुष्य हिशोबांत चुकला नाहीं असें त्याला वाटेल. पण त्याच्या मळ्यास पाणी पुरें पडणार नाहीं. वाटेंतल्या गळतीचा हिशोब न करणें ही या विद्येंतील पहिली आणि सर्वांत सामान्य चूक होय.

बेळगांवांत सायकली विकल्या जाऊं लागल्या त्याच दशकांत युरोपांत सायकलीला वीज जोडण्याचे प्रयत्न चालू होते. फ्रान्समध्यें प्लांते यानें १८५९ सालीं शिशाची, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी शोधून काढली होती. तिच्या साहाय्यानें त्रूव्हे यानें १८८१ सालीं पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें एर्टन व पेरी या दोन प्राध्यापकांनीं दुसरी तीनचाकी तयार केली. तिच्यांत शिशाचे दहा घट आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटर होती. गति वाढवावयाची तर एकेक घट अधिक जोडावयाचा, अशी तिची योजना होती. म्हणजे वाट पाहून बैल वाढवावे, त्यांतलाच हा प्रकार.

१८९५ सालीं अमेरिकेंत ऑगडेन बोल्टन यानें दुचाकीच्या मागील चाकाच्या तुंब्यांतच मोटर बसविण्याचें पेटंट घेतलें. आजच्या पुष्कळ विजेच्या सायकलींची रचना मूलतः हीच आहे. परंतु बोल्टनची बॅटरी १० व्होल्टची होती आणि मोटर १०० अँपिअरपर्यंत प्रवाह ओढीत असे. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे तिचा प्रवाह. या दोहोंचा गुणाकार केला म्हणजे शक्ति वॅटमध्यें मिळते. येथें १० गुणिले १०० म्हणजे १,००० वॅट. हीच शक्ति ४० व्होल्टच्या बॅटरीकडून घेतली तर २५ अँपिअरच पुरतात. यांत विशेष काय, असें कोणास वाटेल. विशेष असें कीं, तारेंत वायां जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते. प्रवाह चौपट कमी केला तर त्याच तारेंत उष्णता सोळापट कमी होते. म्हणूनच पुढें वाहनांचा दाब वाढत गेला. सायकलीला ३६ किंवा ४८ व्होल्ट हें माप रूढ झालें.

याच सुमारास जर्मनींत पॉइकर्ट यानें १८९७ सालीं शिशाच्या बॅटरीसंबंधीं एक नियम मांडला. वीज जितक्या घाईनें काढावी तितकी ती एकूण कमी मिळते, हा त्याचा आशय. १०० अँपिअर-तास असें ज्या बॅटरीवर लिहिलेलें असतें, तिच्यांतून ५ अँपिअर प्रवाह घेतल्यास ती वीस तास चालेल. परंतु सगळी वीज एका तासांत काढूं म्हटलें तर लिहिलेल्या मापाच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच हातीं लागते. बैलाला पळवीत नेलें तर तो चालीनें गांठला असता तेवढा पल्ला गांठीत नाहीं, हें शेतकऱ्याला ठाऊक होतें. पॉइकर्टनें तें अंकांत बसविलें. जोर आणि दम हे गुण वेगळे खरे, पण एकाचा अतिरेक झाला कीं दुसरा खचतो.

शिशाच्या बॅटरीचें वजन हा तिचा मोठा शत्रु. एका किलोमागें ती तीस ते चाळीस वॅट-तासच सांठविते. पेट्रोल स्वस्त व हलकें पडल्यामुळें विसाव्या शतकांत विजेचें वाहन मागें पडलें. परंतु ज्या वाहनाला पेट्रोलही परवडत नव्हतें आणि जें माणसाच्या पायांवर चालत होतें, त्याच्याकडे सातारा जिल्ह्यांतच एका संस्थेचें लक्ष गेलें.

फलटण हें पूर्वीं संस्थान होतें. १९४८ सालीं विलीन होऊन तें सातारा जिल्ह्यांत आलें. तेथें १९६८ सालीं बनबिहारी विष्णु निंबकर यांनीं निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापन केली. अमेरिकेंत उच्च शिक्षण घेऊन १९८१ सालीं स्वदेशीं परतलेले अभियंते डॉ. अनिल राजवंशी या संस्थेंत कार्य करूं लागले. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सायकल-रिक्षेचा प्रश्न हातीं घेतला. भारतांत विजेच्या रिक्षेसंबंधीं जें अगदीं आरंभींचें काम झालें त्यांत फलटणच्या या कामाची गणना होते. २००२ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. राजवंशी यांना २०२२ सालीं पद्मश्री हा बहुमान मिळाला.

या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. संस्थेनें एकच वाहन केलें नाहीं, तीन केलीं. पहिलें सुधारलेली पायडल-रिक्षा, दुसरें पायडल मारतांना लहान मोटरीची मदत मिळणारी रिक्षा, आणि तिसरें संपूर्ण बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’. सामान्य बुद्धीला वाटेल कीं, जुन्या रिक्षेला एक मोठी मोटर व एक मोठी बॅटरी बांधली कीं काम संपलें. परंतु जुन्या रिक्षेची घडणच सदोष होती. चढावर उपयोगी पडेल असे गियर नाहींत, भरलेल्या गाडीला पुरेसा ब्रेक नाहीं, आणि ओढणाऱ्याच्या श्रमाचा मोठा भाग त्या घडणींतच वायां जाई. अशा गाडीला बॅटरी जोडणें म्हणजे भोंक पडलेल्या मोटेला अधिक बैल जुंपणें होय. आधीं ओझें कमी करावें, मग शक्ति मोजावी, हा क्रम फलटणच्या कामांत दिसतो. आणि लोखंडी नांगराच्या मागेंही हाच विचार होता.

या हिशोबांत अंकांपलीकडचेंही कांहीं आहे. निरोगी मनुष्य दिवसभराच्या श्रमांत सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्ति देऊं शकतो. म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग. दोन उतारू बसविलेली रिक्षा चढावर नेण्यास याच्या कितीतरी पट शक्ति लागते. तो फरक सायकल-रिक्षावाला आपल्या छातींतून भरून काढीत असे. बॅटरी आणि मोटर यांचा मेळ चुकला तर तारा तापतात. मनुष्य आणि ओझें यांचा मेळ चुकला तर मनुष्य झिजतो. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं, तो येथें.

पुढें दिल्लीसारख्या शहरांत बॅटरीच्या रिक्षा हजारोंनीं आल्या. २०१४ च्या नियमांनीं त्यांना चार उतारू, २,००० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशीं २५ किलोमीटर वेग अशी मर्यादा घातली. सायकलीपुरतें पाहिलें तर २५० वॅटपेक्षां कमी शक्तीची मोटर, ताशीं २५ किलोमीटरच्या आंतला वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन असलेल्या दुचाकीस मोटरवाहन समजलें जात नाहीं. तिला नोंदणी लागत नाहीं. सामान्य विद्यार्थी, दूधवाला किंवा कारखान्यांतील कामगार याच्या आटोक्यांतलें विजेचें वाहन तें हेंच. म्हणून त्याचाच हिशोब उदाहरणादाखल मांडणें योग्य होईल.

समजा, स्वार व सायकल मिळून १०० किलो वजन आहे आणि वेग ताशीं १५ किलोमीटर आहे. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची. म्हणजे तिच्यांत ३६० वॅट-तास वीज सांठलेली आहे. हा स्वार सांगलीहून मिरजेस निघाला. रस्ता सपाट. चाकांचें घर्षण व वारा यांना तोंड देण्यास सुमारें ६० वॅट लागतील. मोटर आपल्याला मिळालेल्या विजेचा चौथा हिस्सा उष्णतेंत घालविते असें धरलें तर बॅटरीकडून ८० वॅट घ्यावे लागतील. प्रवाह सवादोन अँपिअरच्या आसपास. या मापानें बॅटरी चार तासांहून अधिक चालेल. स्वार सांगली-मिरज अशा अनेक खेपा करील आणि बॅटरीचे गुण गाईल.

आतां तीच सायकल साताऱ्यास आणून यवतेश्वराच्या घाटाला लावावी. शंभर मीटर चालीला सहा मीटर चढ, असा रस्ता धरला तर वजन वर उचलण्यासच सुमारें २४५ वॅट अधिक लागतात. एकूण गरज ३०० वॅटांच्या वर गेली. परंतु कायद्यांत बसणारी मोटर फार तर २५० वॅट देणार! तिच्याकडून एकसारखे ३०० घेऊं म्हटलें तर ती तापेल आणि कालांतरानें जळेल. तेव्हां उरलेले पन्नास-पंचावन्न वॅट स्वारानें पायडल मारून द्यावे. तें माणसाच्या शक्तीच्या मर्यादेंत आहे. नाहींतर वेग कमी करावा. मोटर पुरतें २५० वॅट देत असतां बॅटरीकडून सुमारें ३३५ वॅट, म्हणजे नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. सांगलीस चार तास पुरणारी बॅटरी येथें एका तासांत रिकामी होते. बॅटरी तीच, मोटर तीच, स्वारही तोच. ओझें मात्र चौपट झालें. सांगलीकराची स्तुति आणि सातारकराची तक्रार या दोन्ही खऱ्याच आहेत.

यावरून खरेदीचे कांहीं नियम सहज निघतात. मोटर, तिचा नियंत्रक म्हणजे कंट्रोलर, आणि बॅटरी या तिघांचा व्होल्टचा आंकडा एक असावा. ३६ व्होल्टच्या मोटरीला ४८ व्होल्टची बॅटरी जोडली तर ती अधिक वेगानें पळेल खरी, पण ओझ्याखालीं तापेल, आणि नियंत्रकाचे भाग निकामी होण्याचा संभव राहील. २४ व्होल्टची जोडली तर ती रेंगाळेल. नियंत्रक जास्तींत जास्त १५ अँपिअर ओढणारा असेल तर त्याहून अधिक, समजा २० अँपिअर, प्रवाह सतत देऊं शकेल अशी बॅटरी घ्यावी. हा जोराचा हिशोब झाला. त्यानंतर रोजचा रस्ता, त्यांतील चढ आणि खेपा पाहून वॅट-तास ठरवावे. हा दमाचा हिशोब. आधीं जोर, मग दम. हा क्रम उलटा केला कीं पैसा वायां जातो.

बॅटरींतील घटांच्या जोडणीचाही विचार अवश्य आहे. १९९१ सालीं बाजारांत आलेल्या लिथियमच्या बॅटरीनें वजनाची अडचण पुष्कळ अंशीं दूर केली. तिचा एक घट सुमारें ३.६ व्होल्टचा, असे दहा घट एकापुढें एक जोडले म्हणजे ३६ व्होल्ट होतात. व्होल्ट वाढवावयाचे तर घट एकापुढें एक जोडावे, आणि अँपिअर-तास वाढवावयाचे तर शेजारीं शेजारीं जोडावे, अशी रीत आहे. एकापुढें एक जोडलेल्या सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो. त्यांत एक घट दुबळा असला तर तो सर्वांच्या आधीं रिकामा होतो, आणि बाकीचे घट त्याच्यामधून जबरीनें प्रवाह ढकलून त्याचा नाश करतात. आठ बैली नांगरांतील दुबळ्या जोडीची जी गति, तीच याची. म्हणून जुना घट काढून त्या जागीं एकच नवा घालणें, किंवा दोन निरनिराळ्या बॅटऱ्या एकत्र बांधणें, ही काटकसर महाग पडते. चांगल्या लिथियम बॅटरींत प्रत्येक घटावर नजर ठेवणारें रक्षक यंत्र असतें. २०२२ सालीं देशांत विजेच्या स्कूटरींना आगी लागण्याचे अनेक प्रकार घडले, आणि त्यानंतर बॅटरीच्या कसोट्या सरकारनें अधिक कडक केल्या. तेव्हां हें रक्षक यंत्र काढून टाकणें किंवा त्याला चुकवून तारा जोडणें हा जिवाशीं खेळ होय.

आणखी एक गोष्ट राहिली. बॅटरी घेतांना हिशोबाला जेवढी लागते त्याहून चौथाई तरी अधिक घ्यावी, आणि ती अगदीं तळापर्यंत रिकामी करूं नये. शिशाची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. लिथियमचीही त्यानें हानिच होते. मोटेवरचा जाणता शेतकरी हें निराळ्या भाषेंत जाणत होता. वाफ्याचा शेवटचा कोपरा भिजावयाचा राहिला असला तरी ऊन चढल्यावर तो मोट थांबवी, सोंदूर सैल करी आणि बैलांच्या मानेवरचें जूं उतरी. बैलांच्या अंगांत तेव्हांही आणखी चार मोटा ओढण्याइतकें बळ असे. तें बळ तो उद्यांसाठीं ठेवीत असे.